वेराबाईचं पहिलं कारण

आमच्या मजल्यावरच्या वेराबाईला गरिबीचं पहिलं कारण ठाऊक होतं. दुसरं तिनं मला कधी सांगितलं नाही. सोमवारी एक पहिलं कारण, बुधवारी भलतंच पहिलं कारण. मी आठवण करून दिली, "अहो, परवा तुम्ही वेगळं बोलला होता," तर म्हणायची, "साइमन, तू स्वयंपाकी बरा असशील. विद्यार्थी ढ आहेस." वसईच्या शाळेत मास्तरांचंही हेच मत होतं, त्यामुळे राग मानायला जागा नव्हती. सातवीत मी इतका रेंगाळलो की शेवटी मास्तरांनीच वडिलांना सांगितलं, ह्याला कुठंतरी चुलीजवळ लावा.

चुलीजवळच लागलो. दुबईत जबल अलीच्या लेबर कॅम्पात मेसचा स्वयंपाकी म्हणून उभं आयुष्य काढलं, मग कायमचा म्हणून वसईला परत गेलो, आणि फिलू, माझी बायको, गेली तेव्हा मुलगा ऑल्विन मला पुन्हा इथंच घेऊन आला. पहिल्यांदा आलो तो कामाचा माणूस म्हणून, ह्या वेळी आलो तो सामान म्हणून. वसईचं घर विकलं, आलेलं सगळं ऑल्विनच्या अल बर्शातल्या फ्लॅटमध्ये घातलं, आणि नातीच्या खोलीत खालच्या बंकवर झोपायला लागलो. वरच्या बंकवरून नात म्हणते, "नाना, प्लीज, यू आर स्नोरिंग." फिलू सगळा संसारभर हेच मराठीत म्हणत होती आणि मी तिला खोटारडी म्हणत होतो.

बिल्डिंगसमोर एक छोटं पार्क आहे. तिथल्या बाकावर बसून मी फिलूशी बोलायचो. मोठ्यानं बोलायचो हे मला माहीत नव्हतं. एक दिवस शेजारी एक गोरी बाई येऊन बसली आणि हिंदीत म्हणाली, "तुम किससे बात करता?"

"बायकोशी."

"किधर है?"

"मेली."

"अच्छा," ती म्हणाली. "हमारा आदमी भी. वो जवाब नहीं देता. तुम्हारा देता है?"

म्हटलं, नाही देत. पण जिवंत होती तेव्हाही मी विचारलेल्याचं उत्तर कुठं द्यायची!

बाई इतकी हसली की तिचा पुढचा सोन्याचा दात चमकला. फिलू गेल्यापासून माझ्याशी बोलताना सगळे आवाज खाली आणायचे, जसा काही मीच आजारी आहे. ही पहिली, जी हसली.

हीच वेराबाई, मोल्दोवाची. हा देश रशियाच्या त्या बाजूला कुठंतरी आहे, पूर्वी सोव्हिएत युनियनमध्ये होता. मी तो नकाशावर अजून पाहिलेला नाही. ऑल्विननं मोबाइलवर दाखवला तेव्हा माझा चष्मा घरात होता. दुबईत आल्यावर तिनं बरीच वर्षं अल कूझच्या एका लाँड्रीत इस्त्रीचं काम केलं. तिथं सगळे आपल्याकडचे आणि पाकिस्तानचे, म्हणून हिंदी आली. स्वतःला ती "हम करेगा, हम जाएगा" म्हणायची. मी तिचं बोलणं माझ्या मराठीतच लिहितो, नाहीतर वाचणाऱ्याचे हाल होतील.

ठेंगणी, दणकट, घरात आणि बाहेर एकच फुलाफुलांचा खिशांचा गाऊन. खिशात घडी घातलेली प्लास्टिकची पिशवी कायम. मी विचारलं, कशाला? म्हणाली, "न जाणो कुठं काही वाटत असले तर." आणि हे ती दुबईत म्हणत होती, जिथं वाटत कोणी काही नाही, फक्त विकतात.

पिशवीवरून रांगेची गोष्ट आठवली. रांग दिसली की वेराबाई आधी उभी राहायची आणि मग विचारायची की रांग कशाची आहे. तिच्या देशात तसंच करावं लागे. विचारत बसलं तर तेवढ्यात पुढं दहा माणसं लागायची. एकदा आम्ही मेट्रो स्टेशनकडून येत होतो, एका हॉटेलच्या मागच्या दारापाशी ही लांब रांग. वेराबाईनं माझी बाही धरली आणि आम्ही उभे राहिलो. मी विचारायला गेलो तर म्हणाली, "गप. जागा जाईल." पुढचे सगळे जवान पोरगे, इस्त्रीचे शर्ट, छाती पुढं. सरकत सरकत दाराशी पोचलो तर एक फिलिपिनो मुलगी म्हणाली, "सर, सीव्ही?" तिथं स्विमिंग पूलवरच्या लाइफगार्डच्या मुलाखती चालल्या होत्या.

शहाणा माणूस सॉरी म्हणून निघाला असता. पण मुलीनं मला सर म्हटलं होतं. मी पोट आत ओढलं आणि सांगितलं, "एक्स्पीरियन्स आहे, मॅडम. वसईचा आहे, समुद्राकाठचा." मुलगी हसू दाबत म्हणाली, "वी विल कॉल यू, सर." वेराबाईनं विचारलं, इथं वाटतायत काय? म्हटलं, नोकरी. ती म्हणाली, "मग दोन घ्यायच्या होत्यास."

फोन अजून आलेला नाही.

त्यांच्या देशात ती मास्तरीण होती. साधी नाही, कॉलेजातली. विषय होता शास्त्रीय समाजवाद. सगळं सरकारचं असावं आणि ते का असावं, हे ती पोरांना शिकवायची. एक दिवस प्रिन्सिपॉलनं बोलावलं आणि सांगितलं, वेरा, तुझा विषय आजपासून नाही. नाही म्हणजे? म्हणजे जगात नाही. सरकार बदललं, देश तुटला, आता सगळं बाजार ठरवणार. पण तुझी नोकरी ठेवतो, सोमवारपासून तू मार्केटिंग शिकव.

"मग?" मी विचारलं.

"शिकवलं की. इतकी वर्षं ज्या भांडवलदाराला चोर म्हणून शिकवलं त्यालाच सोमवारपासून साहेब म्हणून शिकवलं. पुस्तक नव्हतं. मी मनानं बनवायची. मी पोरांना सांगायची, गिऱ्हाईक म्हणजे राजा. एक पोरगा उठून म्हणाला, बाई, पण आमच्या गावात दुकानातच काही नाही, मग राजा करणार काय? मी त्याला बाहेर काढलं. बरोबर बोलला होता म्हणून बाहेर काढलं."

नोकरी ठेवली होती, पगार मात्र आला नाही. महिनेच्या महिने आला नाही.

मी मेसमध्ये वाढलेला माणूस, माझी मतं कढईसारखी, जाड. एकदा मी तिला सांगितलं की गरिबीचं कारण मला माहीत आहे. दारू. कॅम्पात मी पाहिलंय. जो पितो तो बुडतो, आणि रशियाकडचे लोक तर पाण्यासारखी पितात असं ऐकून आहे.

आमच्या बिल्डिंगचा नातूर, म्हणजे वॉचमन, रफीक, बाजूला झाडांना पाणी घालत होता. त्यानं नळ बंद केला. त्याला कळलं की आता शाळा भरणार.

"पहिलं कारण!" वेराबाई उठून उभी राहिली. शिकवायचं असलं की ती उभीच राहायची. "तुझा पगार कधी पातेल्यात आलाय?"

"म्हणजे?"

तिचा नवरा, मिखाइल, तामचिनीच्या, म्हणजे एनॅमलच्या, भांड्यांच्या कारखान्यात होता. निळी पातेली, वर पांढरी फुलं. सगळं गाव त्याच कारखान्यात. हा माल रेल्वेनं दूर दूर जायचा. मग देशाचे तुकडे झाले आणि जिथं माल जायचा ती गावं परदेश झाली. मध्ये बॉर्डर, बॉर्डरवर कस्टमवाले. ऑर्डरी बंद. कारखान्याकडं रोकड नाही, पातेली मात्र गोदामभर. मग मॅनेजरनं पगार पातेल्यांत द्यायला सुरुवात केली.

"विकायची की," मी म्हटलं.

"कुणाला? सगळ्या गावाचा पगार पातेल्यांत! हायवेच्या कडेला सगळं गाव रांगेनं पातेली मांडून उभं. गाडी थांबली की सगळे धावायचे. गाडीवाला उतरायचा, आडोशाला जाऊन यायचा आणि निघून जायचा." रफीक फिस्सकन हसला. वेराबाई हसली नाही. "मिखाइल पोत्यात पातेली भरून रेल्वेनं बॉर्डरपलीकडं न्यायला लागला. अर्धी कस्टमवाले ठेवून घ्यायचे. तीही फुकट नेऊन त्यांनी काय केलं कोण जाणे. थंडीत स्टेशनांवर झोपून छातीत कफ धरला. तेव्हा तो प्यायला लागला, साइमन. आधी नव्हता पीत. पगार आधी गेला, बाटली नंतर आली. उलटं सांगतात ते लोक, ज्यांचा पगार चालू असतो."

एक कंपनी बुडाली ती सोडली तर माझा पगार कधी चुकला नव्हता. रफीकनं नळ सोडला आणि माझ्या चपलांवर पाणी घातलं. चुकून असावं.

आणि मिखाइल? गेला. त्याच कफानं. वेराबाईनं एवढंच सांगितलं आणि पुढं म्हणाली, "मयताला आलेल्यांनी भेट म्हणून काय आणलं असेल?" मी ओळखलं. आम्ही दोघंही हसलो, आणि मग मला फिलूची आठवण येऊन माझा चेहरा बिघडला, तर तिनं खिशातली पिशवी काढून मला दिली. रुमाल नव्हता तिच्याकडं.

वेराबाईची आमच्यावर, म्हणजे माझ्यावर, मर्जी का होती ह्याचं कारण ऐकण्यासारखं आहे. त्यांच्याकडं सरकारनं कारखाने लोकांत वाटून टाकायचं ठरवलं तेव्हा माणशी एक कागद दिला. हा तुमचा हिस्सा, कुठल्या कारखान्यात लावायचा तुम्ही बघा. लोकांना त्यातलं काय कळतं? मग एक पोरगा गावात आला. कॉलेजच्या हॉलमध्ये चहा आणि केक मांडला, म्हणाला, तुमचे कागद माझ्या फंडात द्या, दर वर्षी नफा घरी येईल. सगळ्यांनी वेराबाईकडं पाहिलं, कारण ही ह्या विषयातली. हिनं पहिला कागद दिला. मग सगळ्या गावानं दिला. पोरगा गेला तो गेलाच.

"तुम्हाला संशय कसा नाही आला?" मी विचारलं. "तुम्ही तर हेच शिकवायचा."

"तेच तर! माझ्या पुस्तकात भांडवलदाराचं चित्र होतं. जाडा, पोट सुटलेला, तोंडात सिगार. हा पोरगा काटकुळा, अंगात आईनं विणलेला स्वेटर. मला वाटलं, हा आपल्यातलाच."

तेव्हापासून तिचा काटकुळ्या माणसांवर विश्वास नव्हता. एकदा आमच्या लॉबीत सूट घातलेला एक सडपातळ पोरगा आला होता, मोबाइलवरून पैसे दुप्पट व्हायची स्कीम घेऊन. मी सोफ्यावर बसून मान डोलवत होतो, मोबाइल हातात घेतलाही होता. वेराबाई लिफ्टमधून उतरली, तिनं त्या पोराला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं आणि रफीकला ओरडली, "इसको बाहर निकालो! देखो, कितना पतला है!" पोरगा "मॅडम, लिसन, मॅडम" करत दारापर्यंत उलटा चालत गेला. मी म्हटलं, अहो, निदान ऐकून तर घ्यायचं. ती म्हणाली, "तू जाड आहेस, साइमन. तू मला फसवू शकत नाहीस. पण तुला कोणीही फसवेल." दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. तिच्याकडं निदान चुकीचं पुस्तक होतं. मी कुठलंच पुस्तक न वाचता वसईत दोन स्कीमांत बुडून आलेलो आहे.

आमचा ऑल्विन लॉजिस्टिक्सच्या ऑफिसात आहे. तो शिकलेला. एकदा लिफ्टमध्ये त्यानं तिला प्रेमानं समजावलं, "आंटी, बेसिकली तुमच्याकडं लोकांना काम करायची सवयच नव्हती. सगळं फुकट. मग मार्केट आलं, जमलं नाही." वेराबाईनं विचारलं, "तुझं ऑफिस घर देतं? शाळा? दवाखाना?" तो म्हणाला, "नाही, अलाउन्स देतं." ती म्हणाली, "तुला नाही कळणार. तुझ्या बापाला विचार."

मला काय माहीत म्हणून मी घाबरलो. पण मग बाकावर तिनं खोदून खोदून विचारलं आणि मी सांगितलं. मी एका कंपनीच्या मेसमध्ये असताना कंपनी बुडाली. कॅम्पात खाट कंपनीची, जेवण कंपनीचं, बस कंपनीची, डॉक्टर कंपनीचा. एका सकाळी बस आलीच नाही. मग गॅसवाला आला नाही. मग लाइट. चांगले हातात कला असलेले वेल्डर, फिटर, सगळे माझ्या तोंडाकडं बघत बसलेले की साइमनभाई, जेवायला काय? आणि मी मोठमोठी रिकामी भांडी घासत होतो. दुसरं काय करावं सुचत नव्हतं म्हणून.

वेराबाईनं माझ्या पाठीवर अशी थाप मारली की चष्मा उडाला. "बघ! आमचा अख्खा देश तुझा कॅम्प होता. वर बालवाडी आणि एक नाट्यगृह. कारखाना मेला आणि गावात हीटिंगसुद्धा मेलं, कारण घराघरांत गरम पाणी कारखान्यातून यायचं. पाचव्या मजल्यावर लोकांनी लोखंडी शेगड्या पेटवल्या, खिडक्यांतून धुराचे पाइप बाहेर काढले. सगळं एका हातात होतं, साइमन. तो हात उघडला आणि सगळं एकदम खाली पडलं. हेच पहिलं कारण."

ह्या वेळी ती उभी राहिली नव्हती. बसूनच बोलली.

तिची मुलगी इरिना दुबई मरीनाला फ्लॅट विकण्याचं काम करते. विकले तर कमिशन, नाही विकले तर नाही. दुसऱ्यांना समुद्राकडच्या बाल्कन्या दाखवायच्या आणि संध्याकाळी अल बर्शातल्या भाड्याच्या एका खोलीत आईबरोबर राहायचं. दर वर्षी घरमालक भाडं वाढवी. एका शनिवारी सकाळी ती आमच्या दारात उभी. मला म्हणाली, "अंकल, मम्मा तुमचं ऐकते."

म्हटलं, बाई, माझं आजवर कोणी ऐकलेलं नाही.

तिचं म्हणणं असं की मोल्दोवात वेराबाईच्या नावावर एक फ्लॅट आहे. कारखान्याचा होता, त्या धांदलीत राहणाऱ्याच्याच नावावर झाला. तेव्हा तो कोणी फुकट घेतला नसता. आता शहर तिथपर्यंत वाढलंय, किंमत आलीय. तो विकला तर इथं छोटंसं घर घेता येईल, भाड्याची टांगती तलवार जाईल. फक्त आईनं सही करायला हवी, आणि आई विषय काढला की भांडी घासायला उठते. "तुम्ही ऑल्विनसाठी घर विकलंत ना? तिला सांगा, अंकल. सांगा की हे नॉर्मल आहे."

मला इतका मान बऱ्याच दिवसांत मिळाला नव्हता. मी लगेच सुरमईचं कालवण केलं, फिलूच्या पद्धतीचं, आणि डबा घेऊन दुपारी वेराबाईकडं गेलो. इरिना कामावर होती. वेराबाईनं मक्याच्या पिठाचा घट्ट घाटा केला होता, ममालिगा म्हणतात त्याला. तो पाटावर उलटा केला, आणि सुरी न घेता शिवणाचा दोरा ताणून त्याच्या वड्या कापल्या. मी म्हटलं, सुरी नाही का घरात? म्हणाली, सुरीनं कापत नाहीत. का, ते तिलाही माहीत नव्हतं. कालवण आणि ममालिगा एकत्र बरं लागलं. मग मी घसा साफ केला.

मी म्हटलं, वेराबाई, म्हातारपणी माणसानं मुलांसाठी सोडून द्यायला शिकलं पाहिजे. मी नाही का सोडलं? घर म्हणजे काय, चार भिंती. माणसं महत्त्वाची. अजून बरंच बोललो. ऑल्विनच्या लग्नात मी बोललो होतो तेव्हा माईक बंद पडला होता. इथं माईकच नव्हता, त्यामुळे कोणी अडवलं नाही.

तिनं सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "मुलगा रागावला की तू कुठं जातोस?"

"बाकावर."

"आणि बाकावरून?"

मी तोंडातला घास बराच वेळ चावत बसलो. त्यात काटा होता असं मी सांगितलं. काटा नव्हता.

"माझा विषय गेला," ती म्हणाली. "गाडीसाठी साठवलं होतं, भाव असे चढले की त्यात एक बुटांचा जोड आला, मिखाइलसाठी. तोही गेला. त्या सगळ्यातून माझ्या हातात एक किल्ली राहिली, कारण ती कोणाला नको होती. इरिना वाईट नाही. माझीच पोर. पण तिची नोकरी गेली तर तिचा व्हिसा जाईल, आणि तिच्याबरोबर माझा. पुन्हा सगळं एकाच हातात द्यायचं, साइमन? ह्या वयात? मला कळतंय ते दुसऱ्यांदा करू?"

मी डबा तिथंच विसरून घरी आलो. ऑल्विननं विचारलं, "काय पप्पा, केलं कन्व्हिन्स?" म्हटलं, हो, झालं. कोण झालं ते सांगितलं नाही.

त्या आठवड्यात त्यांच्या दारातून भांडणाचा आवाज यायचा, त्यांच्या भाषेत. भाषा कळत नव्हती पण भांडण कळत होतं. मग एका संध्याकाळी बाकावर पाहतो तर इरिना, ऑफिसचे उंच टाचांचे बूट काढून हातात घेतलेले. मी उलटा फिरणार तेवढ्यात म्हणाली, "बसा, अंकल. बाक तुमचाच आहे."

बसलो. विचारलं, आज किती फ्लॅट विकले? असा प्रश्न माझ्यासारखाच विचारू शकतो. ती रडायलाच लागली.

"मम्मा तुम्हाला पातेल्यांची गोष्ट हसत सांगते ना? हायवेवर सगळ्यांत पुढं मला उभं करायचे. लहान पोर बघून गाडी थांबेल म्हणून. शाळेतल्या मुलींच्या गाड्याही थांबायच्या. मला तेव्हाच ठरवायचं होतं की रस्त्यावर उभं राहायचं नाही. आज मरीनाला मी तेच करते. येणाऱ्याजाणाऱ्याला थांबवते. मला एक दार पाहिजे, अंकल, जिथून कोणी नोटीस देऊन काढणार नाही."

आता बोला. आईलाही दार पाहिजे, मुलीलाही दार पाहिजे, आणि दार एकच. दोघींतली कोण चूक, हे मला आजही सांगता येणार नाही. आठ-दहा मोठी पातेली एकदम सांभाळलेला माणूस मी, पण त्या दिवशी काही सांभाळता आलं नाही. मी म्हटलं, बेटा, कालवण आहे घरात, आणू का? ती म्हणाली, आणा. तिथंच बाकावर डबा धरून जेवली. तेवढंच माझ्याकडून झालं.

वेराबाईनं सही केली नाही. तिनं परत जायचं ठरवलं. म्हणाली, इरिनाचा माझ्यावरचा खर्च वाचेल, आणि तिकडं दार उघडं राहील, तिला लागलं तर. इरिना म्हणाली, मला लागणार नाही.

निघायच्या सकाळी मी बॅगा उतरवायला म्हणून खाली गेलो. बॅगा रफीकनंच उतरवल्या, मी लिफ्टचं बटण दाबलं. टॅक्सी दाराशी लागली. ड्रायव्हर पेशावरचा, घाईत. "यल्ला, अम्मा, यल्ला, आगे ट्रॅफिक है." इरिना हाताची घडी घालून लांब उभी, काळा चष्मा लावून. मला वाटलं, आता ही बाई मुलीला न भेटताच जाणार.

वेराबाईनं टॅक्सीचं उघडलेलं दार बंद केलं, आडवी बॅग ओढली आणि तिच्यावर बसली. मला म्हणाली, "बस."

"कुठं?"

"कुठंही. निघायच्या आधी बसतात. थोडा वेळ, न बोलता. नाहीतर प्रवास नीट होत नाही." मग मुलीकडं पाहून त्यांच्या भाषेत एकच शब्द बोलली.

इरिना हलली नाही. मग आली, आणि आईच्या शेजारी त्याच बॅगेवर अर्धवट टेकली. बॅग दोघींना पुरत नव्हती, त्यामुळे त्यांना एकमेकींना धरून बसावं लागलं. मी फुटपाथच्या कडेवर बसलो. गुडघ्यांनी आवाज केला तेवढाच. रफीक पायरीवर बसला. ड्रायव्हरनं आमच्याकडं पाहिलं, इंजिन बंद केलं आणि हात स्टिअरिंगवर ठेवून तोही गप्प झाला.

वसईला फिलूला हॉस्पिटलात न्यायचं होतं तेव्हा आम्ही सगळे पळत होतो. कोणी रिक्षा बघतोय, कोणी फाइल शोधतोय, मी चपला शोधत होतो. ती एकटीच पलंगावर बसून आमच्याकडं बघत होती. एवढं पळण्यापेक्षा तिच्या शेजारी क्षणभर बसलो असतो तर काय बिघडलं असतं? रिक्षा तशीही उशिराच आली.

वेराबाई आधी उठली. गुडघे झाडले, मुलीचा काळा चष्मा काढून तिचे डोळे गाउनच्या बाहीनं पुसले, चष्मा पुन्हा लावून दिला. मला म्हणाली, "चलो, साइमन, खलास." आणि टॅक्सीत बसली. टॅक्सी सिग्नलपर्यंत गेली, शेख झायेद रोडकडं वळली.

रफीक झाडांना पाणी घालायला निघून गेला. इरिना मघाशी जिथं बॅग होती त्याच्या शेजारी, फुटपाथवर, माझ्याजवळ येऊन बसली. कामाला उशीर होत होता, तिचा मोबाइल वाजत होता, ती घेत नव्हती. आम्ही दोघं तसेच बसून राहिलो. जो राहतो त्यानं कधी उठायचं असतं, ते आम्हाला कोणी सांगितलं नव्हतं.